काय खाल्लं होतंस?

आमच्या घरात कुणाचं काही बिनसलं की पहिला प्रश्न ठरलेला असे: काय खाल्लं होतंस? ताप आला तरी हाच, चक्कर आली तरी हाच. एकदा मी जिन्यावरून पडून हात मोडून घेतला, तेव्हाही बाबांनी प्लास्टरकडे बघत हेच विचारलं होतं.

हा प्रश्न आजोबांनी घरात आणला. आजी पोटाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा ती जेमतेम चाळिशीची होती. तिची आई तशीच गेली होती, एक मावशीही. डॉक्टरांना कारण सांगता येईना, म्हणून आजोबांनी ते स्वतःच शोधून काढलं. आजीला तिखट फार आवडायचं. त्यांना तेवढं पुरलं. तीन मुलांना वाढवायचं होतं, आणि ज्याच्यावर बोट ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं. घरातून मिरची गेली, मग मसाला, मग आंबट, मग तळलेलं. शेवटी ताटात उरला तो एकच रंग. दूध-साखरेत शिजवलेला मऊ भात तर इतक्या वेळा व्हायचा की त्याला नाव उरलं नव्हतं, नुसतं ‘पांढरं’ म्हणायचे. ‘पांढरं खाऊन घे’ हे आमच्याकडचं औषध होतं, मायाही होती आणि शिक्षाही.

माझी आई लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिला वाटलं की कुणीतरी आजारी आहे. कोण बरं होतंय याची ती महिनाभर वाट बघत राहिली. मग तिने तिखटाची एक डबी कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली. ती डबी अजून तिथेच आहे. फक्त आता ती लपवलेली नाही.

तीन मुलांत बाबा थोरले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मधली मोठी आत्या, तिला सगळे ताई म्हणत. आणि ही धाकटी, जिच्याबद्दल मी सांगते आहे.

धाकटी आत्या लिफ्ट दुरुस्त करते. तंत्रशाळेत मुलींची रांग शिवणाच्या वर्गाकडे वळत होती, तेव्हा ती सरळ पुढे चालत राहिली आणि मोटारींच्या वर्गात जाऊन बसली. कुणी उठवलं नाही. उठवलं असतं तरी ती उठली नसती, हे तिथल्या शिक्षकांनी तिच्या बसण्यावरूनच ओळखलं असावं. कामावर तिला ‘पाना’ म्हणतात, कारण तिच्या मागच्या खिशात कायम एक पाना असतो. तिचा कामातला जोडीदार साडेसहा फुटी आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते, तिला शाफ्ट म्हणतात. गेली पंधरा वर्षं दोघं एकाच शाफ्टमध्ये उतरत आले आहेत.

लिफ्ट पोलादी दोरांवर लटकलेली असते. प्रत्येक दोर म्हणजे शेकडो बारीक तारांचा पीळ. आत्या दोर तपासते ते फडक्याने. वर मशीन रूममध्ये उभं राहायचं, लिफ्ट सावकाश सोडायची आणि सरकत्या दोराभोवती फडकं हलकेच धरायचं. कुठे तार तुटली असेल तर फडक्याचा धागा तिच्यात अडकून ओढला जातो. अशा बऱ्याच तारा सापडल्या की दोर बदलायचा. तोवर लिफ्ट झकास चालू असते, म्हणून लोक भांडायला येतात.

“चालू लिफ्ट बंद कशाला करता?” एक गृहस्थ एकदा तणतणत वर आले होते.

“बंद पडेपर्यंत थांबते ना काका,” आत्या म्हणाली. “फक्त तेव्हा तुम्ही आत असायला नको.”

मशीन रूमच्या दाराशी बसून ती लंबूच्या डब्यातलं खायची. लाल, झणझणीत. नाक पुसत खायची आणि हात स्वच्छ धुऊन आमच्याकडे जेवायला यायची. बाबांना वास यायचा. ते फक्त तिच्यापुढे पांढरं वाढायचे.

ताईआत्याची गोष्ट वेगळी होती. ती घरातली सगळ्यांत शहाणी मुलगी. तिने उभ्या जन्मात मिरचीला बोट लावलं नाही, उन्हं कलायच्या आत जेवली, एकेक घास चावून चावून खाल्ला. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला जेवण जाईनासं झालं. आठ महिन्यांत ती गादीइतकी सपाट झाली.

शेवटच्या दिवसांत बाबा तिच्या उशाशी बसून होते. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “आठवून बघ गं. कधी बाहेर काय खाल्लं होतंस?”

ताईआत्याने डोळे मिटले. मग म्हणाली, “शाळेत असताना. मैत्रिणीच्या डब्यातली लोणच्याची एक फोड.” आणि थोडं थांबून, “चुकलं माझं, दादा.”

धाकटी आत्या दारात उभी होती. ती वळून बाहेर गेली आणि पाठोपाठ मी. दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात तिने पाण्याच्या टाकीला अशी लाथ घातली की टाकीचा नळ गळायला लागला. मग खिशातून पाना काढून तिने तो नळ आवळून बंद केला. बाबा बाहेर आले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “माफी मागतेय ती. लोणच्याची. ऐकलंस ना?”

ताईआत्या गेल्यानंतर तिच्या रक्ताचा अहवाल आला. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी आजीचं, पणजीचं सगळं विचारून घेऊन ते रक्त पाठवलं होतं. त्यांनी दोघा भावंडांना बोलावलं. बाबा गेले नाहीत. आत्या गेली, मला बरोबर घेऊन.

डॉक्टरबाईंनी कागदावर काही काढलं नाही. बोटं एकमेकांत गुंफून दाखवली. पोटाच्या अस्तरातल्या पेशी अशा एकमेकींना धरून असतात. धरून ठेवणारी जी वीण असते, तिचाच दोष या घराण्यात जन्मतः उतरतो. ज्याला तो मिळतो, त्याच्या पुढच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. या कॅन्सरची गाठ होत नाही. तो अस्तराखालून पसरतो, म्हणून दुर्बिणीतूनही बऱ्याचदा दिसत नाही. दिसतो, तोवर उशीर झालेला असतो.

“आणि तिखट?” आत्याने विचारलं.

“तिखटाचं काय?”

“तिखटाने होतो का हा?”

“नाही. दोष जन्माबरोबर येतो. तुमच्या ताईंनी काहीही खाल्लं असतं किंवा नसतं, तरी तो होताच.”

आत्याने बाही वर केली आणि म्हणाली, “घ्या रक्त.”

काही आठवड्यांनी अहवाल आला. तिच्यात दोष निघाला. उपाय एकच होता. दुखणं सुरू होण्याआधी सगळं जठर काढून टाकायचं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडायची. माणूस त्यावर जगतो, कामही करतो, पण आयुष्यभर थोडं थोडं खात राहावं लागतं आणि काही इंजेक्शनं कायमची लागतात. स्तनांचीही दरवर्षी तपासणी करावी लागेल, तोही धोका याच दोषाबरोबर येतो.

“शाफ्टमध्ये उतरता येईल?” आत्याने विचारलं.

“वजन बरंच उतरेल. शक्ती यायला वेळ लागतो. वर्षभराने बोलू.”

“म्हणजे हो.”

“म्हणजे वर्षभराने बोलू.”

“मला हो ऐकू आलं,” आत्या म्हणाली. तिला मरायचं नव्हतं, आणि वाचल्यावर खुर्चीतही बसायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी तिला एकदम हव्या होत्या आणि तिच्या मते हा हावरटपणा नव्हता.

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी तिने हे सांगितलं. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“कुठे दुखतंय तुला?”

“कुठेच नाही.”

“मग धडधाकट पोट कापून टाकणार? कुणीतरी सांगितलं म्हणून?”

“तू लोकांना सांगतोस ना, दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळे तपासा?”

“मी कुणाचे डोळे काढून घेत नाही.”

आईला हसू आलं. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. आत्याही हसली असती, पण बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ते घाबरलेत. पथ्य खोटं निघालं, तर त्यांच्या हातात काहीच उरत नव्हतं. आजोबांनी जाताना त्यांच्यावर हीच एक जबाबदारी टाकली होती: धाकट्यांना नीट खाऊ घाल.

“आणि तूही रक्त दे, दादा,” आत्या म्हणाली. “तुझ्यात असलं तर हिच्यातही असू शकतं.” तिने माझ्याकडे मान वळवली.

“या घरात हा विषय नको.”

“बरं,” आत्या म्हणाली. ती उठली, आईच्या खोलीत गेली, कपाट उघडलं आणि ती डबी घेऊन आली. आईने कपाळाला हात लावला. आत्याने पांढऱ्यावर तिखटाचा लालभडक थर दिला आणि बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. “पोट आहे तोवर त्यालाही कळू दे,” ती म्हणाली, “की घरात त्याच्यावर कसला आळ होता.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाबा आले नाहीत. दुकानात बसून राहिले. एका माणसाला त्यांनी दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा दिला, असं आईने नंतर सांगितलं.

काढलेल्या जठराचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेकांच्यात कुठे ना कुठे सुरुवातीचे ठिपके सापडतात, असं डॉक्टरबाई आधी म्हणाल्या होत्या. आत्याच्यात एकही सापडला नाही. त्यांनी आनंदाने सांगितलं. आत्यानेही मान हलवली, पण मला माहीत होतं की ही बातमी घरी वेगळ्या वाटेने जाणार.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. खाटेपर्यंत आले नाहीत, दारातूनच म्हणाले, “काही नव्हतं. चांगलं पोट फेकून दिलंस.”

नळ्यांमध्ये जखडलेली आत्या हलू शकत नव्हती. आवाजही फुटत नव्हता, तरी शब्द स्पष्ट होते. “बदललेला दोर परत टांगून बघतात का रे, आता तुटतो का म्हणून?”

बाबा निघून गेले. मग जवळजवळ वर्षभर भावाबहिणीत अबोला होता.

मी तिच्याकडे राहायला गेले. दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. तिचा सदरा अंगावर असतानाही हँगरवर लटकवल्यासारखा दिसायचा, इतकी ती उतरली होती. पँट कमरेला सुतळीने बांधायची. दर दोन तासांनी दोन-चार घास. विसरली की हात कापायचे. भूक लागणं बंद झालं होतं, त्यामुळे खाणं हेही मशीनला तेल घालण्यासारखं काम झालं. गोडाची आणि दुधाची मात्र भीती. एकदा तिने अर्धी वाटी खीर खाल्ली आणि पाच मिनिटांत घामाने डबडबून, छाती धडधडत फरशीवर आडवी झाली. गोड पदार्थ थांबायला जागाच उरलेली नसते, तो थेट आतड्यात कोसळतो. तिखट तिला सोसायचं. थोडं थोडं, उकडलेल्या अंड्यावर भुरभुरवून. “बघ,” ती म्हणायची, “एवढी वर्षं चुकीच्या आरोपीला तुरुंगात ठेवलं आम्ही.”

कंपनीने तिला टेलिफोनवर बसवलं. अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि धीर द्यायचा. धीर देण्यात ती अगदीच कच्ची होती.

“बाई, मी मरेन इथे,” एकजण लिफ्टमधून रडत होता.

“नाही मरणार. कंटाळाल फक्त.”

वर्ष सरलं तशी ती फोरमनच्या मागे लागली. फोरमन भला माणूस होता, पण त्याला जोखीम नको होती. शेवटी वैतागून म्हणाला, “अवजारांची पिशवी खांद्याला लावून चौदा मजले जिन्याने चढ. वर जाऊन दोर तपासून दाखव. जमलं तर शाफ्ट तुझा. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. फोन सांभाळायचा, कायमचा.”

“मंजूर,” आत्या म्हणाली.

त्या सकाळी दार वाजलं. बाबा होते. हातात स्टीलचा डबा, वरून फडकं गुंडाळलेलं. आईकडून त्यांना कळलं होतं.

“चढायचं आहे ना आज,” ते आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीकडे बघत म्हणाले. “पांढरं आणलंय. मीच केलंय. पोटाला आधार.”

पोट या शब्दावर ते स्वतःच अडखळले. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मी बाजूने तिला मान हलवून खुणावत होते, नको, नको म्हणत. तिला कळत नव्हतं असं नाही. पण वर्षभरानंतर तिचा भाऊ दारात उभा होता आणि त्याला आणता आली ती एकच गोष्ट त्याच्या हातात होती. तिने चमचा घेतला. चार घास खाल्ले. बाबांनी ते घास एकेक करून डोळ्यांनी मोजले आणि समाधानाने दुकानात गेले.

पुढे पिशवी घेतलेली आत्या, मागे फोरमन, लंबू आणि मी, असे आम्ही चढायला लागलो. सहाव्या मजल्यावर तिने रेलिंग पकडलं. कपाळावर घामाचे थेंब फुटले, ओठ पांढरे झाले. पिशवी खाली ठेवून ती जिन्याच्या चौकात सरळ आडवी झाली. लंबू तिच्या डोक्याशी बसला. मी धावत खाली जाऊन आईला फोन केला आणि परत आले. तेव्हा फोरमन कपाळ पुसत म्हणत होता, “पुरे झालं. माझी नोकरी घालवशील. चल, खाली जाऊ.”

आत्याने डोळे उघडले नाहीत. “किती वेळात चढायचं असं ठरलं होतं का?”

“नाही, पण—”

“मग बसा.”

तो बसला. एक बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या, या मंडळाकडे बघून थबकल्या. “अहो, लिफ्ट चालू आहे की. जिन्यात काय झोपलाय?”

“लिफ्टचीच तब्येत बघायला निघालेय,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

बाई लगबगीने आपल्या दारात शिरल्या. लंबू तोंड फिरवून हसला. मग फोरमनलाही आवरेना. हळूहळू आत्याच्या छातीचं धडधडणं उतरलं, ओठांवर रंग आला. तिने खिशातला छोटा डबा काढला. ज्या खिशांत पूर्वी बाकीची अवजारं असायची, त्यांत आता हे डबे असतात. पाना एकच, मागच्या खिशातला. अर्धं अंडं सावकाश चावून खाल्लं आणि उठली. लंबूने पिशवीला हात घातला, तो तिने झटकला.

उरलेले आठ मजले तिने भिंतीशी भांडण असल्यासारखे चढले. प्रत्येक चौकात थांबायची, फोरमनकडे बघायची आणि तो काही बोलायच्या आत निघायची.

मशीन रूममध्ये ग्रीसचा जुना वास होता. आत्याने तो छातीभर घेतला. फडकं काढलं, लंबूने लिफ्ट सावकाश सोडली. पहिला दोर गुळगुळीत गेला, दुसराही. तिसऱ्यावर फडक्याचा धागा खेचला गेला. मग परत. मग परत. तिने फडकं फोरमनपुढे धरलं. त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

“पुढच्या आठवड्यात लावू काम,” फोरमन म्हणाला.

“आज बंद.”

“अगं, खाली उतरायचंय आपल्याला.”

“जिना आहे,” आत्या म्हणाली आणि मुख्य स्विच खाली ओढला.

फोरमनने खिशातून शाफ्टच्या दाराची चावी काढून तिच्या हातावर ठेवली आणि उतरायला लागला. दोन मजले खालून त्याचा आवाज आला, “सोमवारी वेळेवर ये.”

आम्ही तिथेच दाराशी बसलो. थोड्या वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. बाबा होते. आईचा निरोप मिळाल्याबरोबर दुकान उघडं टाकून निघाले होते आणि लिफ्ट बंद दिसली म्हणून चौदा मजले पायी आले होते. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी श्वास गोळा केला. सवयीने तेच तोंडात आलं.

“काय झालं? काय खाल्लं होतंस?”

लंबूने स्वतःच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

“तू आणलेलं,” आत्या म्हणाली.

बाबा होते तिथेच खाली बसले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आत्याने त्यांना तसंच बसू दिलं, लगेच सावरलं नाही. मग म्हणाली, “मी पडले त्याला कारण होतं, दादा. साखर आणि दूध. मला माहीत होतं, तरी मी खाल्लं. ताईला कारणच नव्हतं. ना लोणचं, ना आणखी काही. आईलाही नव्हतं. त्यांना कुणी खाऊ घालण्यात चुकलं नव्हतं. तूही नाही.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसतच राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, “मग काय खायचं?”

आत्याने डबा पुढे केला. अंड्याची उरलेली फोड, वर तिखट. बाबांनी ती उचलली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात टाकली. कान लाल झाले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आत्या शांतपणे बघत होती.

“आहेस ना?” तिने विचारलं.

“आहे,” बाबा कसेबसे म्हणाले.

“मग ऊठ. रक्त संध्याकाळपर्यंत घेतात.”

“उद्या बघू.”

“तुझी मुलगी इथे बसलीय. तिच्याकडे बघून म्हण.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि रेलिंग धरून उतरायला लागले, एकेक पायरी. मी त्यांच्या मागे निघाले. एक मजला गेल्यावर ते थांबले, मान वर करून म्हणाले, “उपाशीपोटी द्यावं लागतं का?”

आत्या वर कठड्यावर वाकून उभी होती, हातात चावी.

“नाही,” ती म्हणाली. “काय खाल्लं होतंस, ते तिथे कुणी विचारत नाही.”